नवी वंगण-वर्गवारी आणि जुनी मोटार-एंजिने

मोटारगाडीच्या वंगणतेलाच्या डब्यावर काही अक्षरे व काही अंक छापलेले असतात. ‘एसपी’, ‘एसएन’, ‘सीआय-४’ ही अक्षरे आणि ‘०डब्ल्यू-२०’, ‘२०डब्ल्यू-५०’ हे अंक पाहून तेलाची योग्यता ठरविता येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती बव्हंशी खरीही आहे. अडचण उत्पन्न होते ती गाडी जुनी असते तेव्हा. ज्या एंजिनाची आखणी १९५० च्या आसपास झाली, त्याला २०२० साली ठरविलेल्या कसोटीचे तेल मानवेल काय? या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे नेहमी ऐकू येतात. एका पक्षाच्या मते नवे तेल सर्वच दृष्टींनी जुन्यापेक्षा सरस असते. दुसऱ्याच्या मते नव्या तेलातून झीज थांबविणारे द्रव्य काढून घेतले असल्याने ते जुन्या एंजिनाचा घात करते. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही पक्ष डब्यावरील लेखाचा अर्धाच भाग वाचतात. अक्षरे व अंक एकत्र वाचल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे प्रस्तुत विवेचनावरून दिसून येईल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तीच गाडी, कित्येक दशके येथील रस्त्यांवर धावली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या टॅक्सींतून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणाऱ्या अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. तथापि खाजगी मालकीच्या अशा गाड्या अद्याप पुष्कळ घरी जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या एंजिनाचा एखादा भाग झिजला तर तो कारखान्यातून मागविण्याची सोय आता उरलेली नाही. त्यामुळे तेलाच्या निवडीतील चूक नव्या गाडीच्या मालकाला जितकी महाग पडते, त्याहून ती जुन्या गाडीच्या मालकाला अधिक महाग पडते.

अंकांचा अर्थ

डब्यावरील अंक तेलाची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, दर्शवितात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, ही वर्गवारी प्रथम १९११ साली केली. ‘२०डब्ल्यू-४०’ या खुणेतील पहिला अंक थंडीतील वर्तन व दुसरा अंक तापलेल्या एंजिनातील वर्तन सांगतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक होय.

शंभर अंश सेल्सियस तापमानाला ‘२०’ या वर्गाच्या तेलाची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असते. ‘४०’ वर्गाची १२.५ ते १६.३, आणि ‘५०’ वर्गाची १६.३ ते २१.९. याहून महत्त्वाचे माप दीडशे अंश तापमानाला व तीव्र कर्तनाखाली घेतले जाते, कारण वेगाने फिरणाऱ्या धारव्यात, म्हणजे कारागिरांच्या भाषेत बेअरिंगमध्ये, तेलाची स्थिती साधारण तशीच असते. या मापाने ‘२०’ वर्गाला किमान २.६ सेंटिपॉइज पुरतात, तर ‘२०डब्ल्यू-४०’ ला किमान ३.७ लागतात.

या आकड्यांचे महत्त्व धारव्याच्या कार्यपद्धतीवरून कळते. बोशां टॉवर याने १८८३ साली केलेल्या प्रयोगांत फिरणाऱ्या दांड्याखाली तेलाचा दाब आपोआप उत्पन्न होतो असे आढळले, आणि ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८८६ साली त्याची गणिती उपपत्ती दिली. फिरता दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो. तेथे उत्पन्न झालेल्या दाबावर दांडा तरंगतो व धातूला धातू लागत नाही. या पटलाची जाडी श्यानता, वेग, भार आणि फटीचे माप यांवर अवलंबून असते. नव्या एंजिनांतील फटी लहान, पृष्ठभाग अधिक गुळगुळीत आणि तेलाचे पंप त्यांना साजेसे असतात. म्हणून पातळ तेल वापरून इंधनाची बचत साधता येते. जुन्या एंजिनांत फटी मुळातच मोठ्या ठेवलेल्या असतात, आणि वापराने त्या आणखी वाढलेल्या असतात. तेथे पातळ तेल धारव्याच्या कडांतून लवकर निसटते, दाब उतरतो आणि पटल विरळ होते.

थंडीचा अंक मात्र आपल्याकडे फारसा निर्णायक ठरत नाही. ‘२०डब्ल्यू’ वर्गाच्या तेलाची एंजिन फिरविण्याची कसोटी उणे १५ अंशांना घेतात. ‘०डब्ल्यू’ ची उणे ३५ अंशांना. मुंबईत पारा दहा अंशांखाली क्वचितच उतरतो. निफाड किंवा महाबळेश्वर येथील कडाक्याची थंडीदेखील ‘२०डब्ल्यू’ च्या मर्यादेपासून दूरच राहते. तेव्हा ‘०डब्ल्यू’ साठी दिलेल्या अधिक किंमतीचा पद्मिनीच्या मालकाला येथे विशेष मोबदला मिळत नाही. अर्थात तेल जितके दाट तितके चांगले, असाही निष्कर्ष काढता कामा नये. अतिदाट तेल दाबमापकावर मोठा आकडा दाखविते. परंतु दाब म्हणजे प्रवाह नव्हे. सकाळी एंजिन सुरू होताच पहिल्या काही क्षणांत तेल वरच्या झडपांपर्यंत पोहोचणे तितकेच अगत्याचे असते.

अक्षरांचा अर्थ

अक्षरांची वर्गवारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजेच एपीआय, या संस्थेची आहे. १९४७ साली तिने तेलाचे साधे, उत्तम व जड कामाचे असे तीन प्रकार पाडले. १९५२ साली ही पद्धती बदलून कामाच्या स्वरूपावर वर्ग ठरविण्यात आले. आणि १९७० च्या सुमारास आजची अक्षरमाला प्रचारात आली. पेट्रोल-एंजिनांच्या वर्गांचा आरंभ ‘एस’ या अक्षराने आणि डीझेल-एंजिनांच्या वर्गांचा ‘सी’ या अक्षराने होतो. ‘एसए’ हे समावेशक द्रव्ये नसलेले निव्वळ खनिज तेल होय. त्यानंतर क्रमाने पुढील वर्ग आले. २००४ साली ‘एसएम’, २०१० साली ‘एसएन’ आणि २०२० साली ‘एसपी’.

प्रत्येक नवा वर्ग आधीच्या वर्गांची कामगिरी सामावून घेतो, असे एपीआयचे तत्त्व आहे. त्याचा पुष्कळसा भाग निर्विवाद आहे. उष्णतेने दाट होण्यास विरोध, अम्लांचे उदासिनीकरण, दट्ट्यांवर बसणाऱ्या निक्षेपांस प्रतिबंध, गाळ न धरणे या गुणांत आजचे तेल १९६० च्या तेलापेक्षा फारच पुढे गेलेले आहे. या दृष्टीने जुन्या गाडीसाठी मुद्दाम ‘एसए’ किंवा ‘एसबी’ शोधून आणणे ही जुन्यावरील निष्ठा ठरेल, परंतु शहाणपण ठरणार नाही. एपीआय स्वतःच ‘एसए’ हे तेल १९३० नंतरच्या, आणि ‘एसबी’ हे १९५१ नंतरच्या एंजिनांत वापरू नये, असे बजावते.

शंका उरते ती एकाच जागी, कॅम व टॅपेट यांच्या संपर्कात.

कॅम, टॅपेट आणि फॉस्फरस

पद्मिनीच्या १०८९ घन सेंटिमीटर एंजिनात, तसेच अँबॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटर एंजिनात, कॅमदंड सिलिंडरांच्या बाजूस, खालच्या अंगाला असतो. त्यावरील कॅम चपट्या तळाच्या टॅपेटाला उचलतो, टॅपेट लांब सळईला ढकलतो आणि सळई वरच्या झडपेला उघडते. कॅम व टॅपेट यांमध्ये चक्र नसते. एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून घसरतो. स्पर्शाची जागा जवळजवळ एका रेषेइतकी अरुंद असल्याने तेथील दाब प्रचंड असतो. धारव्यात टिकणारे तेलाचे पटल येथे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाहूनही पातळ होते, आणि तेलाची श्यानता एकटी धातूचे रक्षण करू शकत नाही. या अवस्थेला सीमावर्ती वंगण म्हणतात.

अशा जागी रासायनिक रक्षण लागते. ते करणारे प्रमुख द्रव्य म्हणजे झिंक डायअल्किल-डायथायोफॉस्फेट हे जस्त, फॉस्फरस व गंधक यांचे संयुग होय. १९४० च्या सुमारास ते तेलात घालण्यास प्रारंभ झाला तो धारव्यांचे गंजणे व तेलाचे ऑक्सिडीभवन थांबविण्यासाठी. पुढे, १९५० नंतर, झडपा वर असलेली जोमदार एंजिने आली आणि त्यांच्या कॅमांची झीज हा मोठा प्रश्न झाला, तेव्हा या संयुगाचा दुसरा गुण उपयोगी पडला. घर्षणाच्या उष्णतेने व दाबाने त्याचे विघटन होऊन धातूवर फॉस्फेटाचे काचेसारखे पटल जमते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा-हजारांशाच्या आसपास असते. कॅम फिरताना लोखंडाऐवजी हे पटल झिजते, आणि तेलातील संयुग ते पुनःपुन्हा भरून काढते. पद्मिनीच्या कॅमाचे आयुष्य म्हणजे एका अर्थी या झिजण्या-भरण्याच्या हिशेबाचे आयुष्य होय.

हा हिशेब बिघडण्याचे कारण एंजिनाच्या बाहेर, धुराच्या नळीत आहे. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक परिवर्तक बसविण्यास सुरुवात झाली. भारतात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत, म्हणजे आजच्या दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे, नव्या पेट्रोल-गाड्यांना ते १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचे झाले. एंजिनात थोडे तेल नेहमीच जळते; त्यातील फॉस्फरस परिवर्तकाच्या मौल्यवान धातूंवर थर धरतो व त्यांची क्रिया मंदावते. म्हणून तेलातील फॉस्फरसावर क्रमाक्रमाने मर्यादा घालण्यात आल्या. १९९६ च्या सुमारास ही मर्यादा ०.१० टक्का झाली आणि २००४ साली ‘एसएम’ वर्गाबरोबर ०.०८ टक्का. त्याचबरोबर झीज थांबावी म्हणून ०.०६ टक्का ही किमान मर्यादाही ठरविण्यात आली.

परंतु येथेच वाचनातील नेहमीची चूक होते. ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा ‘एसएम’ किंवा ‘एसएन’ असे छापलेल्या प्रत्येक तेलाला लागू नाही. इंधनाची बचत करणाऱ्या पातळ श्रेण्यांना, म्हणजे ‘०डब्ल्यू-२०’, ‘५डब्ल्यू-२०’, ‘०डब्ल्यू-३०’, ‘५डब्ल्यू-३०’ व ‘१०डब्ल्यू-३०’ यांना ती लागू होते. ‘१५डब्ल्यू-४०’, ‘२०डब्ल्यू-४०’ व ‘२०डब्ल्यू-५०’ या श्रेण्या तिच्या बाहेर राहतात. एकाच अक्षराखाली दोन भिन्न रसायनांची तेले विकली जाऊ शकतात ती यामुळे. ‘एसएन’ हे अक्षर पाहून जुन्या गाडीच्या मालकाने घाबरण्याचे कारण नाही, आणि त्याच अक्षरावर विसंबून ‘५डब्ल्यू-३०’ घेण्याचेही कारण नाही. प्रश्नाचा निकाल अक्षराइतकाच अंकावर लागतो.

तथापि मर्यादा लागू नाही याचा अर्थ फॉस्फरस भरपूर आहेच, असा होत नाही. उत्पादकाला अधिक घालण्याची मुभा असते, बंधन नसते. म्हणून तेलाच्या तांत्रिक माहितीपत्रकात जस्ताचा किंवा फॉस्फरसाचा आकडा दिलेला असल्यास तो पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

कसोटीच्या एंजिनांचा प्रश्न

नवे तेल जुन्या एंजिनालाही चालते, या विधानाला आधार असतो तो प्रयोगशाळेतील कसोटी-एंजिनांचा. ही एंजिने कोणती, हे पाहिले म्हणजे त्या विधानाची व्याप्ती कळते.

‘एसएम’ व ‘एसएन’ वर्गांसाठी वापरलेल्या एका प्रमुख कसोटीत जनरल मोटर्सचे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन घेतलेले होते आणि त्याला चपट्या तळाची टॅपेटे बसविलेली होती. तेल १५० अंशांवर ठेवून ते मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी शंभर तास चालविले जाई. अखेरीस कॅम व टॅपेट यांची मिळून सरासरी झीज ६० मायक्रॉनांहून अधिक भरता कामा नये, असा नियम होता. रचनेच्या दृष्टीने हे एंजिन पद्मिनीचे दूरचे आप्त म्हणता येईल. कमी फॉस्फरसाचे तेल या कसोटीला उतरत होते, ही गोष्ट ‘नवे तेल म्हणजे कॅमाचा नाश’ या भीतीला बऱ्याच अंशी खोडून काढते.

मात्र कसोटीची एंजिनेही कालबाह्य होतात. त्यांचे भाग मिळेनासे होतात. २०२० च्या ‘एसपी’ वर्गात वरील कसोटीच्या जागी क्रायस्लरच्या ३.६ लिटर एंजिनाची कसोटी आली. तिच्यात तेलाचे ऑक्सिडीभवन व दट्ट्यांवरील निक्षेप मोजले जातात. टॅपेटांची झीज मोजली जात नाही. झडपांच्या यंत्रणेतील झिजेसाठी टोयोटाचे दीड लिटरचे एंजिन निराळे घेतलेले आहे. त्यातही घसरणारा संपर्क असतो, परंतु कॅमदंड झडपांच्या वरच असल्याने लांब सळया व डोलदांडे यांचे वजन हलवावे लागत नाही. म्हणजे अक्षर जसजसे पुढे सरकते, तसतसे जुन्या एंजिनाविषयीचे आश्वासन प्रत्यक्ष मोजमापापासून थोडे दूर जाते. ते खोटे ठरते असे नव्हे. त्याच्या पाठीशी असलेला पुरावा अप्रत्यक्ष होतो.

ही गोष्ट विशेष जाणवते ती एंजिन नव्याने बांधल्यावर. नवा किंवा घासून नीट केलेला कॅम टॅपेटाशी जुळण्यापूर्वी, पहिल्या अर्ध्या तासात, त्यावर फॉस्फेटाचे पटल अद्याप जमलेले नसते. या काळात एंजिन मंद गतीवर ठेवल्यास कॅमावर उडणारे तेल कमी पडते आणि झिजेस येथेच आरंभ होतो. अशा वेळी फॉस्फरसाचे प्रमाण जास्त असलेले तेल व कॅमावर लावण्याचे खास वंगण वापरण्याचा प्रघात आहे, आणि तो सकारण आहे. परंतु अधिक म्हणजे अमर्याद नव्हे. फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्याच्या आसपास असला म्हणजे अशा साध्या एंजिनाची गरज भागते. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांतून तो मनमानी वाढविल्यास समावेशकांचा परस्परांतील तोल बिघडतो, राख वाढते आणि अतिरेक झाल्यास धातूचे रासायनिक क्षरणही होऊ शकते.

गाळ आणि गळती

जुन्या एंजिनासंबंधी दुसरी तक्रार अशी असते की, नवे तेल घालताच एंजिन गळू लागले किंवा तेलाचा मार्ग चोंदला. यात दोष बहुधा तेलाचा नसून आधीच्या इतिहासाचा असतो. जुन्या साध्या तेलात काजळी व मळ खाली बसत असे आणि ऑइल चेंबरच्या तळाशी त्याचा थर साचे. नव्या तेलातील प्रक्षालक द्रव्ये हा मळ सोडवितात व कण विखुरलेले ठेवतात, म्हणजे तेल बदलताना ते बाहेर पडावेत. वर्षानुवर्षे साचलेला थर एकदम सुटला तर मात्र त्याचे तुकडे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तसेच, झिजलेल्या ऑइल सीलची फट आजवर मळाने बुजलेली असेल तर ती उघडी पडते; गळती नवी दिसली तरी झीज जुनीच असते.

यावरील उपाय जुने तेल शोधणे हा नव्हे. शक्य असल्यास चेंबर उतरवून तो व जाळी स्वच्छ करावी. ते शक्य नसल्यास पहिली दोन-तीन बदली थोड्या थोड्या अंतराने करावीत. आत स्वच्छ झालेल्या एंजिनाला प्रक्षालकयुक्त तेलापासून धोका उरत नाही, उलट लाभच होतो. फार जुन्या काही गाड्यांत दोराचे किंवा चामड्याचे सील असतात. नव्या तेलांची तपासणी कृत्रिम रबराच्या प्रकारांवर होते, दोर-चामड्यावर होत नाही. तेव्हा तेथे संश्लेषित तेलापेक्षा खनिज तेल अधिक सुरक्षित समजावे.

जपून ठेवलेल्या गाड्या फार थोड्या चालतात, हाही मुद्दा विचारात घेतला पाहिजे. थोड्या अंतराच्या फेरीत एंजिन पुरते तापत नाही; जळणातून निघालेले पाणी तेलात मिसळते आणि अम्ले बनतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आले आहे, त्यामुळे पाण्याकडे अधिक लक्ष पुरविणे इष्ट होय. अशा एंजिनात तेलाची अम्ले मारण्याची शक्ती किलोमीटरांवर नव्हे, महिन्यांवर संपते. गाडी फारशी चालली नसली तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताच, तेल बदलणे हितावह ठरते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. प्रथम गाडीच्या मूळ पुस्तिकेतील श्यानता पाहावी व तीच आधारभूत मानावी. चपट्या टॅपेटांच्या पद्मिनी-अँबॅसडरसारख्या गाड्यांना आपल्या हवामानात ‘२०डब्ल्यू-४०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ या श्रेण्या सामान्यतः साजतात. त्यानंतर अक्षरे पाहावीत. या श्रेणीत मिळणारे नवे अक्षर नाकारण्याचे कारण नाही, कारण त्याचे प्रक्षालक व ऑक्सिडीभवनरोधक गुण चांगलेच असतात. तिसरी गोष्ट, माहितीपत्रकात फॉस्फरस किती आहे हे पाहावे. तो आकडा न मिळाल्यास पेट्रोल व डीझेल अशा दोन्ही एंजिनांसाठी मान्य असलेले, ‘सी’ व ‘एस’ ही दोन्ही अक्षरे धारण करणारे ‘१५डब्ल्यू-४०’ श्रेणीचे तेल हा एक पर्याय आहे; डीझेलच्या ‘सीजे-४’ वर्गात फॉस्फरसाची कमाल मर्यादा ०.१२ टक्का आहे, म्हणजे पेट्रोलच्या पातळ श्रेण्यांहून दीडपट. ज्या गाडीला उत्प्रेरक परिवर्तक नाही, तिच्या बाबतीत या अधिक फॉस्फरसाला हरकत राहत नाही. चौथी गोष्ट, कॅमाला चक्राची टॅपेटे असलेल्या गाडीला ही चिंता जवळजवळ नाही. तिने श्यानतेचा तेवढा विचार करावा.

वर्गवारी ही उत्पादक व ग्राहक यांमधील एक संक्षिप्त भाषा आहे. ती आजच्या एंजिनांसाठी रचलेली असल्याने जुन्या एंजिनाची गरज तिच्यात स्वतंत्र शब्दाने व्यक्त होत नाही; ती श्रेणी, वर्ग आणि समावेशकांचे प्रमाण यांच्या मेळातून शोधून काढावी लागते. नव्या तेलावर सरसकट अविश्वास दाखविल्यास त्याच्या खऱ्या गुणांना जुने एंजिन मुकते, आणि सरसकट विश्वास ठेवल्यास ज्या एका जागी त्याला रक्षण हवे असते तेथे ते उघडे पडण्याचा संभव राहतो. डबा खरेदी करण्यापूर्वी त्यावरील संपूर्ण मजकूर वाचण्यास दोन मिनिटे लागतात. झिजलेल्या कॅमदंडाला दुसरा मिळविण्यास कधी कधी वर्ष लागते.